मधुमेही पादव्रणाची मलमपट्टी

मधुमेही पादव्रणाची मलमपट्टी : दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायाला, विशेषतः तळवा, टाच व बोटे यांना, होणारा व सहजासहजी भरून न येणारा व्रण म्हणजे मधुमेही पादव्रण होय. अशा व्रणातील मृत ऊतक (एकच कार्य करणाऱ्या कोशिकांचा समूह) शस्त्राने काढून टाकल्यावर, पू वाहून जावा म्हणून छेद घेतल्यावर किंवा कोथ झालेले म्हणजे कुजलेले बोट अथवा पावलाचा काही भाग छेदून काढल्यावर मागे उघडी जखम उरते. तिचे टाके घालून तोंड मिटविता येत नाही, कारण आत पू कोंडण्याची भीती असते. तळापासून वरपर्यंत ती आपण होऊन भरावी लागते व त्यास कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात. या काळात जखमेवर जे आवरण ठेवतात त्यास व्यवहारात मलमपट्टी किंवा ड्रेसिंग म्हणतात. शासकीय रुग्णालयांत हे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पदास ‘व्रणोपचारक’ असे नाव आहे. मलमपट्टीचा इतिहास वरवर पाहता कापूस, कापड, पाने, मध व औषधे यांचा इतिहास दिसतो. परंतु पादव्रणाच्या बाबतीत तो मुख्यतः जखमेवर काय ठेवू नये व पायावर कोणता भार पडू देऊ नये, हे उमगत गेल्याचा इतिहास आहे.

निरोगी माणसाच्या पायाची जखम साध्या चिंधीखालीही भरते. मधुमेही व्यक्तीच्या पायाची भरत नाही, याची कारणे तीन. पहिले, रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वर्षानुवर्षे जास्त राहिल्याने पायाच्या तंत्रिका (मज्जातंतू) निकामी होतात व पाऊल बधिर होते. काटा, खिळा, चपलेचा घट्ट पट्टा किंवा तापलेली वाळू यांची जाणीव होत नाही. पायातील चप्पल निसटून मागे राहिली तरी माणूस चालत राहतो. स्नायूंच्या तंत्रिका बिघडल्याने बोटे वाकतात, तळव्याच्या ठराविक जागी भार एकवटतो, तेथे कुरूप धरते आणि कुरुपाखाली व्रण तयार होतो. दुसरे, पायाकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याने रक्तपुरवठा तुटपुंजा होतो. तिसरे, जंतुसंसर्गास तोंड देण्याची शरीराची शक्ती उणावते. या तीनही कारणांपैकी एकही मलमपट्टीने दूर होत नाही. व्रण दुखत नसल्याने रोगी त्याच पायावर चालतो, आणि दुखत नसल्यानेच उशिरा दाखवितो.

भारतीय वैद्यकास हा व्रण दुःसाध्य असल्याचे फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कुष्ठी, विषबाधा झालेले, क्षीण झालेले व मधुमेही यांचे व्रण कष्टाने बरे होतात असे सांगितले आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मधुमेही व्यक्तीच्या पिडका (गळवे) शरीराच्या खालच्या भागात उठतात, याचे कारण रसवाहिन्यांचे दौर्बल्य असे दिले आहे. दोष वर चढू शकत नाहीत, ते खालीच राहतात, अशी ती उपपत्ती. आजची कारणमीमांसा तिच्याहून वेगळी आहे हे खरे. तथापि रोग पायाकडे ओढ घेतो आणि त्याचा संबंध वाहिन्यांशी आहे, हे निरीक्षण अचूक म्हटले पाहिजे.

सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेप व बंध यांचा विचार आहे. कोश, दाम, स्वस्तिक, अनुवेल्लित, मंडल, गोफणा, पंचांगी इ. चौदा बंध तेथे सांगितले असून त्यांसाठी क्षौम, कापूस, लोकर, रेशीम, चामडे, झाडाची अंतर्साल वगैरे साहित्य दिले आहे. बंध किती आवळावा हेही अवयवपरत्वे ठरविले आहे. हातापायांस तो मध्यम असावा असे मत आहे. उघड्या व्रणास माश्या, डास, गवत, धूळ, थंडी, वारा व ऊन यांचा उपद्रव होतो, म्हणून तो बांधावा, हा सामान्य नियम. हिवाळ्यात व वसंतात बंध तिसऱ्या दिवशी आणि उन्हाळा, पावसाळा व शरद ऋतूंत दुसऱ्या दिवशी सोडावा, असे पाचव्या अध्यायात म्हटले आहे. हवामानानुसार स्राव कमीजास्त होतो व त्याप्रमाणे पट्टी बदलावी लागते, हा या नियमामागील अनुभव आजही पटण्याजोगा आहे.

या नियमाचे अपवाद मात्र अधिक लक्षणीय आहेत. कुष्ठरोग्यांचे व्रण, भाजल्याच्या जखमा, उंदराच्या विषाने आलेल्या गाठी व मधुमेही व्यक्तींच्या पिडका बांधू नयेत, असे सुश्रुतसंहिता बजावते. पिडका आणि तळव्याचा व्रण एकच नव्हेत, तेव्हा या वचनातून भलताच अर्थ काढणे योग्य होणार नाही. परंतु ज्या व्रणात पू व उष्णता कोंडली असता मांस झपाट्याने कुजते, त्यावर घट्ट बंध घालणे घातक ठरते, एवढे त्या काळच्या शल्यवैद्याने पाहिले होते. याच संहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन (घाण व मृत मांस काढणे) आणि रोपण (भरून आणणे) यांचा भेद केला असून शोधनाशिवाय रोपण नाही, असा क्रम आहे. व्रणावर पाने घालून झाकणे म्हणजे पत्रदान, औषध लावलेली वात आत ठेवणे म्हणजे वर्ती, तसेच मध व तूप यांचा उपयोग हेही या साठांत येतात. पत्रदान व मध ही दोन्ही नावे विसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या संदर्भात पुन्हा निघावयाची होती.

ग्रंथांतील हे शास्त्र आणि गावातील व्यवहार यांत अंतर राहिले. कृष्णा खोऱ्यातील कुंडल (जि. सांगली) व त्याच्या आसपासच्या गावांचा विचार केल्यास पायाच्या जखमेचे प्रसंग रोजच्या कामातच आढळतात. रात्री पाण्यात अनवाणी उभे राहून उसाला दारे धरणे, तोडणीनंतर राहिलेल्या बुडख्यांतून व पाचटातून चालणे, द्राक्षबागेतील तारांची कामे करणे, यांत पाय फाटतो. कुंडलच्या डोंगरावरील पार्श्वनाथाच्या दर्शनास किंवा पंढरीच्या वारीस अनवाणी जाण्याची श्रद्धाही आहेच. अशा वेळी दगडी पाला चुरगळून त्याचा रस लावणे, हळद दाबणे, गूळ व चुना यांचा लेप देणे, पिठाचे गरम पोटीस बांधणे, हे घरगुती उपाय सर्वत्र चालत आले. काटा मोडला असता किंवा टाचेस भेगा पडल्या असता बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका देण्याची रीतही जुनी आहे. ज्याचा पाय शाबूत आहे तो चटका असह्य होताच पाय ओढून घेतो व त्यामुळे वाचतो. बधिर पायाचा मनुष्य पाय ओढत नाही. बिब्ब्याचे तेल मुळातच कातडी जाळणारे असल्याने लहानशी भेग मोठ्या व्रणात बदलते; गरम पाण्याचा शेक व विटेचा शेक यांचेही तसेच. दगडी पाल्याने जे नुकसान होत नाही ते शेकाने होते, आणि ते दुसऱ्या दिवशी फोड दिसेपर्यंत कळतही नाही. (या भागात ऊस पुष्कळ म्हणून मधुमेह पुष्कळ, असा संबंध बोलताना लावला जातो. तो इतका सरळ नाही. वाढते वय, बैठे काम, स्थूलता, आनुवंशिकता व एकूण आहार यांचा त्यात वाटा असतो.)

पाश्चात्त्य वैद्यकातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तळव्याच्या खोल व्रणाचे स्वरूप नीट कळले नव्हते. इंग्रज शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्ह्‌झ यांनी १८८४ मध्ये अशा व्रणावरील आपली पद्धती प्रसिद्ध केली. व्रणाभोवतीचे जाड झालेले कातडे जवसाच्या पोटिसाने मऊ करावे, ते पात्याने थराथराने कापून काढावे आणि पायास विश्रांती द्यावी, असे तिचे सार होते. पुढे १८८७ मध्ये टी. डेव्हिस प्राइस यांनी दोन्ही पायांस असे व्रण झालेल्या मधुमेही रोग्याची हकीकत देऊन व्रणाचा संबंध तंत्रिकांच्या बिघाडाशी जोडला. दरम्यान जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाच्या साहाय्याने जखमेतील जंतूंचा नाश करण्याची पद्धती मांडली होती. १८८० मध्ये बर्मिंगहॅमच्या सॅम्प्सन गॅमजी यांनी स्निग्धांश काढलेला शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांत घालून तयार केलेले आवरण प्रचारात आणले. पुन्हा पुन्हा धुऊन वापरलेल्या चिंध्यांची जागा रुग्णालयांतून शोषक कापूस व गॉझ यांनी घेतली ती या सुमारास.

ही नवी शल्यचिकित्सा दक्षिण महाराष्ट्रात आली ती मुख्यतः मिरजेच्या मार्गाने. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे विल्यम जेम्स वॉन्लेस हे १८८९ मध्ये भारतात आले व १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. जंतुरोधक पद्धती वैद्यकीय शिक्षणाचा भाग झाल्यानंतरच्या पिढीतील ते शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रियांसाठी त्यांचे रुग्णालय दूरवर प्रसिद्ध झाले व १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुणे-मिरज लोहमार्ग १८९० पर्यंत तयार झालेला होता. औंध संस्थानातील कुंडलसाठी या मार्गावर ‘कुंडल रोड’ हे स्थानक होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये त्याच्या लगतच्या माळावर कारखाना व वसाहत उभारल्यावर ते किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. गाडीत बसून मिरजेस शस्त्रक्रियेसाठी जाणे त्यामुळे शक्य झाले. शस्त्रक्रिया एका दिवसात होते. मलमपट्टी महिनोन्‌महिने चालते. रोगी गावी परतल्यावर ती कोणी व कशी करावी, हा प्रश्न रेल्वेने सुटण्यासारखा नव्हता, आणि पादव्रणाच्या बाबतीत पाय राहणे वा जाणे पुष्कळदा याच टप्प्यावर ठरते.

पहिल्या महायुद्धात दूषित जखमांचे प्रमाण अफाट वाढले. फ्रान्समध्ये आलेक्सी कॅरल व रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी सोडियम हायपोक्लोराइटाचा सौम्य विद्राव नळ्यांवाटे जखमेत सोडण्याची पद्धत बसविली. १९१५ मध्येच एडिंबरो विद्यापीठात चुन्याच्या क्लोरिनयुक्त संयुगापासून ‘युसॉल’ हा विद्राव तयार करण्यात आला. स्वस्त, औषधशाळेत तयार करता येण्याजोगा व दुर्गंधी घालविणारा म्हणून युसॉल भारतातील लहानमोठ्या रुग्णालयांत कित्येक दशके टिकून राहिला. त्यात भिजविलेली गॉझची पट्टी जखमेत कोंबावयाची, ती वाळू द्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढावयाची, अशी रीत होती. पट्टीबरोबर मृत मांस निघते हा तिचा गुण. नव्याने आलेले कोवळे कणोतक (जखम भरताना येणारे लाल, दाणेदार ऊतक) तिच्याबरोबर निघते हा दोष. इतर रोगी अशा वेळी कळवळतो व हात आपोआप हलका पडतो. मधुमेही बधिर पायाचा रोगी मात्र शांत बसून असतो, त्यामुळे येथे चूक लक्षात आणून देणारा कोणीच नसतो. तीव्र जंतुनाशकांमुळे जंतूंपेक्षा शरीराच्या संरक्षक कोशिकांचीच हानी अधिक होते, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९१९ मध्येच दाखविले होते. १९८५ मध्ये ब्रेनन व लीपर यांनी सशाच्या कानातील वाढत्या ऊतकावर प्रयोग करून हायपोक्लोराइटाने तेथील सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तप्रवाह थांबतो असे निदर्शनास आणल्यावर युसॉलचा वापर झपाट्याने कमी झाला. मधली ६६ वर्षे सवयीने नेली, असेच म्हणावे लागते.

इन्शुलिनाचा शोध (१९२१-२२) लागेपर्यंत तीव्र मधुमेहाचे अनेक रोगी पायाचा व्रण होण्याइतके जगतच नसत. ते जगू लागले आणि पायाचा कोथ ही मोठी आपत्ती होऊन बसली. बोस्टन येथील एलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले. पाय रोज धुणे, पुसणे व पाहणे, शेक न देणे, कुरूप घरी न कापणे, ही त्यांची शिकवण होती. पेनिसिलीन व नंतरची प्रतिजैव औषधे आल्यावर पावलाचा थोडा भाग छेदून उरलेले पाऊल राखण्याच्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या. अशा शस्त्रक्रियांनंतरची उघडी जखम हाच पुढील काळातील मलमपट्टीचा मुख्य विषय आहे.

बधिर पायाचे खरे शिक्षण वैद्यकास मिळाले ते मधुमेहाकडून नव्हे, कुष्ठरोगाकडून. आणि ते बव्हंशी भारतात मिळाले. कुष्ठरोग्याच्या तळव्याचे व्रण रोगजंतूंमुळे मांस झडून होतात, असा समज होता. १९३० नंतरच्या दशकात भारतात जोसेफ खान व सिंहलात मिलरॉय पॉल यांनी असे पाय प्लास्टरमध्ये बसवून रोग्यांना हिंडतेफिरते ठेवले असता व्रण भरतात हे दाखविले. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले पॉल ब्रँड यांनी या विषयाचा सखोल अभ्यास केला. व्रणाचे कारण कुष्ठाचे जंतू नसून वेदनेचा अभाव व एकाच जागी वारंवार पडणारा दाब हे होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाय प्लास्टरमध्ये नीट बसला की सर्व तळव्यावर भार विभागला जातो आणि व्रणावर कोणतेही विशेष औषध नसताना तो भरतो. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात ब्रँड यांनी हीच पद्धती मधुमेही पायास लावली. तळव्याची संवेदना तपासण्यासाठी आज मधुमेह चिकित्सालयांतून वापरला जाणारा नायलॉनचा दोराही कुष्ठरोगाच्या कामातूनच रूढ झाला, आणि मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या तळाच्या चपलाही. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय असल्याने या परिसरास बधिर पायाची ओळख पूर्वीपासून होती. ज्या रोग्यांना समाजाने दूर ठेवले त्यांच्या पायांवर मिळालेले ज्ञान पुढे सर्व थरांतील मधुमेही लोकांच्या उपयोगी पडले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

प्रत्यक्ष आवरणाविषयीच्या विचारात मोठा बदल १९६२ मध्ये झाला. तोवर जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरली की ती भरत आली, अशी सार्वत्रिक समजूत होती. जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या कातडीवर वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या व काहींवर पॉलिथिनाचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, म्हणजे ओलसर राहिलेल्या, जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. खपलीखालून नव्या कोशिकांना वाट काढीत जावे लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकतात. या तत्त्वावर पारदर्शक पापुद्रे, समुद्रशैवलापासून केलेली अल्जिनेटे, जलजेले, फेसाळ बहुवारिकांच्या गाद्या अशी आवरणे बाजारात आली. अल्जिनेट व गाद्या स्राव शोषतात, जलजेले कोरड्या जखमेस ओलावा देतात. गुण खरे, पण किंमतही तशीच. शेतमजुरास रोजच्या रोजगारातून ती परवडण्याजोगी नव्हती.

ओलसर आवरणाचे हेच तत्त्व महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांनी स्वयंपाकघरातील व परसातील वस्तूंतून साधण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील केसवानी व त्यांचे सहकारी पाटील यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली लावण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. साली गॉझच्या पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवून त्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करीत. साल जखमेस चिकटत नाही व ओलावा राखते. मुंबईतीलच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचे निर्जंतुक आवरण वापरले व २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. केळीचे पान मोठे, मेणचट व गुळगुळीत असल्याने काढताना ओढ बसत नाही. जेवणाचे पान म्हणून त्याचा उपयोग ज्या गुणांमुळे होतो तेच येथे कामी आले. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील एम. सुब्रह्मण्यम् यांनी मधाचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भाजलेल्या १०४ रोग्यांपैकी ५२ जणांस मधाची व ५२ जणांस रूढ सिल्व्हर सल्फाडायझिनाची पट्टी दिली होती. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या. १९९६ मध्ये त्यांनी मध व बटाट्याची साल यांची तुलनाही केली. पुढे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून मधाच्या जंतुरोधक गुणाविषयीचे काम त्यांनी चालू ठेवले. मध दाट असल्याने जखमेतील पाणी ओढून घेतो, तो आम्लधर्मी असतो व त्यातील एंझाइमामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात सतत तयार होते. पोळ्यातून काढलेल्या मधात मात्र जंतूंची बीजुके असू शकतात, म्हणून जखमेसाठी तो किरणांनी निर्जंतुक करावा लागतो.

हे सर्व अभ्यास भाजलेल्या जखमांचे आहेत, हे विसरता कामा नये. भाजलेल्या जखमेखाली रक्तपुरवठा असतो व तिच्यावर कोणी चालत नाही. तेथे जे साधले ते तळव्याच्या व्रणास तसेच लावणे तर्कदुष्ट ठरते, आणि पुढील काळात पुष्कळ ठिकाणी तेच घडले. साखरेचीही अशीच कथा आहे. अमेरिकेतील रिचर्ड नटसन यांनी साखर व पोव्हिडोन आयोडिन यांचे मिश्रण ६०५ रोग्यांच्या जखमांवर वापरून १९८१ मध्ये त्याचा वृत्तांत दिला. अर्जेंटिनातील संशोधकांनी साखरेमुळे जंतूंना लागणारे पाणी उपलब्ध राहत नाही, असे त्याचे कारण सांगितले. कुंडल येथे क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे. या वस्तूची वाण त्या गावी पडण्याचे कारण नाही. मधुमेही माणसाच्या जखमेत साखर घालणे हे ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. जखमेवरील साखरेने जंतू आवरतात, दुर्गंधी कमी होते. रोहिणी बंद असेल किंवा हाडापर्यंत पू गेला असेल तर तिचा उपयोग नाही.

महागड्या आवरणांची कसोटी लागली तेव्हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. इंग्लंडमध्ये विल्यम जेफ्कोट व सहकारी यांनी ३१७ मधुमेही रोग्यांच्या जुन्या पादव्रणांवर साधे न चिकटणारे जाळीदार कापड, आयोडिनयुक्त कापड व आधुनिक तंतुमय शोषक आवरण यांची तुलना केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत २४ आठवड्यांत व्रण भरण्याच्या प्रमाणात तिघांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. सर्वांत स्वस्त ते साधे कापड होते. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेत मात्र एका साधनाने फरक दाखविला. जखमेत फेसाळ स्पंज बसवून, वर हवाबंद पापुद्रा लावून यंत्राने सतत शोषण करण्याची ऋणदाब पद्धती १९९७ मध्ये अमेरिकेतील अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी प्रसिद्ध केली होती. पावलाचा काही भाग छेदलेल्या १६२ मधुमेही रोग्यांवर आर्मस्ट्राँग व लॅव्हरी यांनी केलेल्या परीक्षेत (२००५) सोळा आठवड्यांत या पद्धतीने ५६ टक्के, तर नेहमीच्या ओलसर पट्टीने ३९ टक्के जखमा भरल्या. साखरेचेच एक संयुग (सुक्रोज ऑक्टासल्फेट) असलेल्या आवरणाने रक्तपुरवठा मध्यम कमी असलेल्या व्रणांत, २४० रोग्यांच्या परीक्षेत (२०१८), वीस आठवड्यांत ४८ टक्के व तुलनेच्या साध्या आवरणाने ३० टक्के असे प्रमाण दिसले. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेसाठी ऋणदाब पद्धतीचा विचार करावा असे म्हटले आहे. केवळ व्रण लवकर भरावा या हेतूने मध, चांदीयुक्त वा अन्य जंतुरोधक आवरणे वापरू नयेत, असेही सांगितले आहे. मधाचे नाव या यादीत पाहून खेद वाटणे साहजिक आहे. मात्र त्याने मिरज-सोलापूरच्या कामास बाध येत नाही, कारण ते काम वेगळ्या जखमांचे होते.

महाराष्ट्रात या विषयाचे स्वतंत्र संघटन झाले ते गेल्या काही दशकांत. नागपूरचे शरद पेंडसे यांनी मधुमेही पायाचा सचित्र ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध केला. टांझानियातील झुल्फिकारअली अब्बास, नेदरलँड्समधील कारेल बाकर व इंग्लंडमधील ॲली फॉस्टर यांच्याबरोबर त्यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रशिक्षणक्रम आखला. त्यात एकटा डॉक्टर न बोलाविता डॉक्टर व परिचारिका अशी जोडी बोलावीत, आणि काही काळाने तीच जोडी पुढील शिक्षणासाठी पुन्हा येई. जखम रोज पाहणारी व्यक्ती परिचारिका असते, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण. तळव्यावरील कुरूप पात्याने काढण्याचे काम, जे ट्रीव्ह्‌झ यांनी १८८४ मध्ये सांगितले, तेच या शिक्षणाचा गाभा होते.

आज तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर केली जाणारी चांगली मलमपट्टी दिसावयास अगदी साधी असते. प्रथम घोट्याजवळील नाडी चाचपतात. ती लागत नसेल तर पट्टीचा विचार बाजूला ठेवून रोग्यास रोहिणीच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवितात. जखम निर्जंतुक मिठाच्या पाण्याने किंवा ते नसल्यास उकळून गार केलेल्या पाण्याने धुतात. पाऊल बादलीत बुडवून ठेवीत नाहीत, कारण त्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी कुजते. काळे वा पिवळट मृत मांस दर खेपेस थोडे थोडे काढतात. वर न चिकटणारे कापड, त्यावर स्रावाच्या मानाने गॉझचे थर, आणि बोटांच्या बेचक्यांत गॉझच्या सैल घड्या घालून पट्टी गुंडाळतात. पट्टी आवळत नाहीत व चिकटपट्टी सबंध बोटाभोवती फिरवीत नाहीत, कारण सूज आली की तिचा फास होतो. स्राव फार असेल तर रोज, कमी असेल तर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलतात. त्यानंतर पायावर भार न येण्याची तजवीज करतात. प्लास्टर, कुबड्या, टाचेवर चालण्याची चप्पल किंवा व्रणाच्या जागी खळगा पाडलेला रबरी तळ, यांपैकी जे जमेल ते देतात. रक्तातील ग्लुकोज, पोटभर प्रथिने व तंबाखूबंदी यांची चौकशी प्रत्येक भेटीत होते.

गावी परतल्यावर हे काम बहुधा रोग्याची पत्नी, सून किंवा मुलगा करतो. तळवा स्वतःस पाहता येत नाही आणि मधुमेहाने नजरही अधू झालेली असते. म्हणून घरातील माणसास जखमेचा रंग, वास, सूज व वरच्या पोटरीवर चढणारी लाली ओळखावयास शिकविणे, हा रुग्णालयातून सोडतानाच्या कामाचा भाग मानला जातो. ऊसतोडीच्या वा द्राक्षछाटणीच्या हंगामात रोगी आठवड्यात कामास लागतो व भरत आलेली जखम पुन्हा फुटते. अशा वेळी वैद्य पट्टी बदलून देतात. मजुरी बुडविणे रोग्यास शक्य नसल्यास बसून करावयाचे काम, जसे द्राक्षे निवडून पेटीत भरणे, त्याच्याकडे द्यावे, अशी विनंती घरच्यांस किंवा बागायतदारास केली जाते. भरलेल्या जखमेची नवी त्वचा पातळ असते व त्याच जागी पुन्हा व्रण होण्याचा संभव पुढील काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून पट्टी सुटली तरी मऊ तळाची चप्पल घरातही पायात ठेवावी लागते. उंबऱ्याच्या आत पादत्राण न घालण्याच्या रिवाजामुळे हे घरातील वडीलधाऱ्यांस रुचत नाही. त्यासाठी घरात वापरावयाचा वेगळा, धुतलेला जोड ठेवण्याचा मार्ग पुष्कळ कुटुंबांनी स्वीकारला आहे.